न हलणारा आकडा

लॅपटॉप हायबरनेटमधून, म्हणजे मेमरी डिस्कवर लिहून वीज पूर्ण बंद केलेल्या झोपेतून, उठतो तेव्हा सगळं जिथल्या तिथे असतं. अर्धं वाक्य लिहून सोडलेली फाइल, ब्राउझरच्या नको तितक्या टॅब, कोपऱ्यात उघडा राहिलेला कॅल्क्युलेटर. पासवर्ड टाइप होतो, एंटर दाबलं की पडदा उजळतो. मग बोट टचपॅडवर जातं आणि बाण जागचा हलत नाही. बोट शर्टाला पुसून पुन्हा, मग दोन बोटांनी, मग कोपऱ्यावर टकटक करून. काही नाही. कीबोर्ड मात्र ठणठणीत. ऑल्ट-टॅब दाबलं की खिडक्या मुकाट्याने बदलतात. रीस्टार्ट केलं की टचपॅड पहिल्यासारखा चालू होतो आणि बहुतेक जण तिथेच विषय सोडतात. पण खुपते ती हीच गोष्ट. वस्तू बिघडली असती तर रीस्टार्टनंतरही बिघडलेलीच राहिली असती. म्हणजे टचपॅड धड आहे, त्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, हाही एरवी चालतो, तरी दोघांचं बोलणं बंद आहे. त्याच पत्र्याखाली, चार बोटं वरचा कीबोर्ड चालतो आणि हा चालत नाही, याचं उत्तर ‘होतं असं कधीकधी’ एवढंच कसं असेल?

लिनक्स असेल तर आधी ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ ही फाइल वाचावी. इंटरप्ट म्हणजे ‘माझ्याकडे बघा’ असा उपकरणाने प्रोसेसरला दिलेला निरोप; कोणाचे किती आले ते इथे मोजलेलं असतं. दिसायला रूक्ष. डावीकडे इंटरप्टचा नंबर, मग प्रत्येक प्रोसेसरचा एकेक रकाना, शेवटी तो इंटरप्ट कुठल्या मार्गाने येतो आणि कोणाचा आहे ते. १ नंबरच्या ओळीत आय८०४२ हा जुना कीबोर्ड कंट्रोलर, म्हणजे बहुतेक लॅपटॉपांचा कीबोर्ड. ८ वर घड्याळाची चिप, ९ वर एसीपीआय (वीज आणि झोप सांभाळणारी व्यवस्था), १२ वर जुन्या पद्धतीचा पीएस/२ टचपॅड असेल तर तो. त्याखाली पीसीआय-एमएसआयवाल्यांची (पीसीआय या जोडणीवर बसून तारेऐवजी संदेशाने इंटरप्ट देणाऱ्यांची) लांबलचक रांग: डिस्क, वायफाय, ग्राफिक्स, यूएसबी. काही बदलण्याआधी फाइल एकदा वाचून प्रत ठेवायची, पाच सेकंद टचपॅडवर बोट फिरवायचं, पुन्हा वाचायची, दोन्ही प्रती शेजारी ठेवायच्या. टचपॅडच्या ओळीतला आकडा हललाच नाही, तर निरोप प्रोसेसरपर्यंत पोचतच नाही. आकडा वाढला पण बाण हलला नाही, तर इंटरप्ट सुखरूप आहे आणि दोष वरच्या थरात, ड्रायव्हरमध्ये किंवा डेस्कटॉपमध्ये. आणि बोट न लावताही आकडा सुसाट पळत असेल, तर कोणीतरी ओळ दाबून धरली आहे. या तिन्ही आजारांची औषधं वेगळी. इंटरनेटवरचे नव्वद टक्के सल्ले निरुपयोगी ठरतात ते सल्ला चुकीचा असतो म्हणून नव्हे; यातला कुठला आजार आहे हे विचारायच्या आधीच तो दिलेला असतो म्हणून. (नव्वद हा आकडा वैतागाचा आहे, मोजणीचा नव्हे.)

गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपवर टचपॅड आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवर बसलेला असतो, आणि तिथे एका बोटासाठी तीन ओळी हलतात. बोट लागलं की टचपॅड एक जीपीआयओ तार (चिपच्या साध्या पिनेला जोडलेली) खाली ओढतो, म्हणजे तिचा व्होल्टेज उतरवतो. ती तार जीपीआयओ कंट्रोलरकडे जाते. एएमडीच्या यंत्रांवर हा कंट्रोलर बऱ्याचदा ७ नंबरच्या ओळीत ‘पिनसीटीआरएल_एएमडी’ नावाने दिसतो. कंट्रोलर प्रोसेसरला उठवतो, मग ड्रायव्हर आयटूसीवरून बोटाची जागा वाचतो, आणि त्या वाचण्याचे इंटरप्ट ‘आयटूसी_डिझाइनवेअर’च्या ओळीत वेगळे मोजले जातात. कुठली ओळ थांबली आहे ते पाहिलं की तुटलेली कडी कळते. तिन्ही थांबल्या असतील तर संशय जीपीआयओच्या पिनवर: तिची दिशा, तिचा ट्रिगर (कशाने इंटरप्ट उठायचा), तिचा मास्क (इंटरप्ट दाबून ठेवणारा बिट). कंट्रोलरची वाढते पण टचपॅडची वाढत नसेल, तर इंटरप्ट येऊन चुकीच्या पिनच्या नावावर जातोय किंवा मधेच टाकला जातोय. टचपॅडची वाढते आणि आयटूसीची गप्प असेल, तर निरोप पोचला पण विचारपूस करायला कोणी गेलं नाही. कीबोर्डला यातलं काही लागत नाही. त्याची वाट आय८०४२ची, जुनी आणि सरळ, म्हणून तो चालतो.

पण मग झोपण्याआधी नीट असलेली पिन उठल्यावर बिघडली कशी?

इथे हायबरनेट आणि साधी झोप यांतला फरक आड येतो. हायबरनेट होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळ्या प्रोसेस गोठवतो, उपकरणांची कामं थांबवतो, पहिला सोडून बाकीचे प्रोसेसर बंद करतो आणि मेमरीची प्रत मेमरीतच काढतो. मेमरीतच काढायची, म्हणून ती निम्म्या रॅमपेक्षा मोठी होऊ शकत नाही. ‘इमेज_साइज’ची मूळ मर्यादा साधारण दोन पंचमांश रॅम एवढी ठेवलेली असते. मग उपकरणं पुन्हा जागी होतात, कारण प्रत डिस्कवर लिहायची तर डिस्क चालू हवी. लिहून झालं की वीज बंद. उठताना मात्र फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचा प्रोग्राम, पहिल्यापासून सुरू होतं, बूटलोडर येतो, एक नवा कर्नल चढतो, त्याला स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, जुनी प्रत सापडते, ती तो मेमरीत आणतो, स्वतः सुरू केलेली उपकरणं थांबवतो आणि कारभार जुन्या कर्नलच्या हाती देऊन नाहीसा होतो. जुन्या कर्नलच्या लेखी मधलं काही घडलेलंच नाही. त्याच्या मेमरीत लिहिलेलं आहे की अमुक पिन इंटरप्टसाठी तयार आहे, तमुक कार्डाला अमुक पत्ता दिला आहे. चिपमध्ये खरोखर काय आहे? फर्मवेअरने आज सकाळी जे ठेवलं ते, आणि त्यावर त्या अल्पायुषी नव्या कर्नलने जे फिरवलं ते. आयओ-एपिकचं (इंटरप्ट प्रोसेसरांकडे वाटणाऱ्या चिपचं) कोष्टक, जीपीआयओच्या पिना, पीसीआयची कॉन्फिगरेशन, इंटरप्ट लेव्हलवर (तार ओढलेली असेपर्यंत) की एजवर (ओढल्याच्या क्षणी) हे ठरवणारं जुनं रजिस्टर, यातलं प्रत्येक कोणीतरी आठवणीने पुन्हा लिहायचं असतं, आणि त्या प्रत्येकाचा ‘कोणीतरी’ कर्नलमध्ये वेगळा आहे. एक जण विसरला की एक उपकरण मुकं.

म्हणून ‘स्लीपमधून नीट उठतं, हायबरनेटमधून नाही’ ही तक्रार नसून पुरावा आहे. स्लीपमध्येही उपकरणांची वीज जाते, पण मधे दुसरा कर्नल येत नाही. एक चाचणी यावरून सुचते, आणि ती फारसं कोणी करत नाही: ज्या ड्रायव्हरचा संशय आहे तो इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला चढणाऱ्या छोट्या फाइलसंचात, आहे का ते पाहावं. असेल तर नव्या कर्नलने त्या उपकरणाला हात लावलेला असतो. नसेल तर ते फर्मवेअरने सोडलं त्याच अवस्थेत जुन्या कर्नलला मिळतं. असेल तर काढून बघावं, नसेल तर घालून बघावं. लक्षण बदललं तर निम्मा शोध संपला. आणखी एक फसवी गोष्ट. उठल्यावर ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, नव्या कर्नलचं एक अक्षरही मिळत नाही, कारण त्याचा लॉग ज्या मेमरीत होता तिच्यावर जुनी प्रत पसरली. लॉग कोरा आहे म्हणजे तिथे काही बिनसलं नाही, असं समजू नये. ते संदेश हवेच असतील तर सीरियल कन्सोल लावावा (संदेश तारेने दुसऱ्या यंत्रावर घ्यावेत), नाहीतर सरळ मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढावा. दुसरा उपाय ऐकायला हास्यास्पद आहे आणि कामाला येतो.

आता सुसाट पळणाऱ्या आकड्याचं. यंत्र उठतं, एखाद-दोन सेकंद सगळं अडखळतं, पंखा सूं करून वर जातो आणि मग एकदम शांतता. वायफाय गेलेलं, किंवा बाण अडखळत-उड्या मारत चालतोय. लॉगमध्ये ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ (आयआरक्यू म्हणजे इंटरप्टची ओळ), त्याखाली हँडलरांची, म्हणजे त्या इंटरप्टला उत्तर देणाऱ्या ड्रायव्हरांच्या भागांची, यादी, शेवटी ‘डिसेबलिंग आयआरक्यू #१६’. जुन्या पीसीआय पद्धतीत इंटरप्टची तार अनेकांची सामायिक असते आणि ती लेव्हलवर चालते. जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडांना मिळून एकच घंटा असावी तसं. घंटा वाजली की चारही घरांनी दार उघडून बघायचं. ज्याचा पाहुणा त्याने आत घ्यायचा. पण पाहुणा पाचव्या घराचा असेल, आणि त्या घराला अजून जाग आली नसेल, तर तो बटणावरचं बोट काढतच नाही. कर्नल मोजत बसतो: मागच्या १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० कोणीच आपले म्हटले नाहीत, तर तो ती तारच बंद करतो. त्या तारेवरचे निरपराधही त्यासोबत मुके होतात. पुढे कर्नल सेकंदाला सुमारे १० वेळा त्यांच्या हँडलरांना स्वतःहून विचारत राहतो. बाण उड्या मारतो तो याच मंद विचारपुशीमुळे.

लॉगमध्ये नाव येतं ते तारेवर नोंदलेल्यांचं, आणि गुन्हेगार पुष्कळदा नोंदलेला नसतोच. तो शोधायला ‘एलएसपीसीआय’ या पीसीआय उपकरणांची यादी देणाऱ्या आदेशाला दोन व्ही देऊन रूट म्हणून चालवावं. प्रत्येक उपकरणाच्या स्टेटस ओळीत शेवटी ‘आयएनटीएक्स’पुढे अधिक किंवा उणे असतं. अधिक म्हणजे हे उपकरण आत्ता, या क्षणी, इंटरप्ट मागतंय. वरच्या कंट्रोल ओळीतलं ‘डिसआयएनटीएक्स’ उणे असेल, तर त्याला तार ओढायची परवानगीही आहे. ही दोन चिन्हं आणि त्याच १६ नंबरचं राउटिंग एकत्र दिसलं की सापडला. पुष्कळदा तो ड्रायव्हरच न चढलेला एखादा कार्ड रीडर किंवा एसएमबस कंट्रोलर निघतो, ज्याच्याकडे इतके दिवस कोणी पाहिलेलंही नसतं. याच प्रकारातला दुसरा नमुना म्हणजे डी३ या गाढ झोपेतलं उपकरण. सामायिक तारेवर दुसऱ्याचा इंटरप्ट आला, याच्या हँडलरने रजिस्टर वाचलं, आणि झोपलेल्या चिपकडून सगळे बिट १ असं उत्तर आलं. हँडलर भोळा असेल तर त्याला वाटतं, जगातली सगळी कामं एकदम आली. हे टाळण्यासाठीच २००९च्या २.६.३० कर्नलमध्ये झोपण्या-उठण्याचा क्रम बदलला: उपकरणांची वीज खऱ्या अर्थाने कमी करायच्या टप्प्यात त्यांच्या हँडलरांना बोलावणंच बंद. तरीही सगळे बिट १ आले तर निमूट परत फिरावं, ही एक ओळ अजून कितीतरी ड्रायव्हरांत नसते.

‘नोबडी केअर्ड’चा संदेश स्वतःच कंसात एक सल्ला देतो: ‘आयआरक्यूपोल’ हा पर्याय देऊन बूट करून पाहा. पाहावं, एकदा, निदान म्हणून. पण कायमचा ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. ‘आयआरक्यूफिक्सअप’ निदान बेवारस इंटरप्ट आल्यावरच सगळ्यांना विचारतो. ‘आयआरक्यूपोल’ टायमरच्या प्रत्येक टिकटिकीलाही विचारत फिरतो. यंत्र चालतं, बॅटरी उतरते, आणि खरा दोष कुठे होता हे शोधायची कोणालाच गरज उरत नाही.

पीसीआय एक्सप्रेसच्या काळात सामायिक तार बरीच मागे पडली. एमएसआयमध्ये तारच नाही. उपकरण एका ठरलेल्या पत्त्यावर एक ठरलेला आकडा लिहितं, आणि तोच इंटरप्ट. भांडण मिटलं, पण तो पत्ता आणि तो आकडा उपकरणाच्या स्वतःच्या रजिस्टरांत असतो, आणि वीज गेली की पुसला जातो. उठताना कर्नल तो परत लिहितो खरा, पण त्यानंतर ड्रायव्हरने उपकरण रीसेट केलं, किंवा चिप अजून वीज घेऊन सावरलेलीच नव्हती, तर लिहिलेलं हवेत जातं. इथलं लक्षण वेगळं: वादळ नाही, नुसती शांतता. एनव्हीएमई डिस्कवर ती सर्वांत स्पष्ट ऐकू येते. यंत्र उठतं, चालतं, मग कुठलीशी फाइल उघडताना ३० सेकंद थिजतं, पुन्हा चालतं, पुन्हा थिजतं. लॉगमध्ये ‘टाइमआउट, कम्प्लिशन पोल्ड’. वाचायला निरुपद्रवी, पण सगळं निदान त्यातच आहे. डिस्कने काम केव्हाच पूर्ण केलं होतं, निकाल मेमरीत ठेवलाही होता. तो तयार असल्याचं सांगणारा इंटरप्ट आलाच नाही. ३० सेकंदांची मुदत संपल्यावर ड्रायव्हरने स्वतः डोकावून पाहिलं तर निकाल समोर. अशा वेळी डिस्क बदलणाऱ्यांचे पैसे वाया जातात.

एमएसआयची शहानिशा सोपी. हायबरनेट करण्याआधी ‘एलएसपीसीआय -व्हीव्हीएक्सएक्सएक्स’ची प्रत फाइलमध्ये, उठल्यावर दुसरी, आणि दोघींचा ‘डिफ’, म्हणजे फरक. ‘एमएसआय: एनेबल’पुढचं अधिक उणे झालं का, पत्ता शून्य झाला का, ते डोळ्यांना दिसतं. एमएसआय-एक्सचं कोष्टक मात्र उपकरणाच्या मेमरीत असतं, ते या प्रतीत येत नाही. तिथे पुन्हा इंटरप्टांच्या आकड्यांवरच भिस्त. ग्रब या बूटलोडरमध्ये ‘ई’ दाबून त्या एका बूटपुरतं ‘पीसीआय=नोएमएसआय’ लिहून बघावं. त्याने दोष गेला, तर एमएसआय परत लिहिण्यात गडबड आहे हे पक्कं. हाही पर्याय कायमचा ठेवायचा नाही, कारण सगळी उपकरणं पुन्हा त्या सामायिक घंटेवर येतात. एक गोष्ट मात्र दोष समजू नये: उठल्यावर बरेचसे इंटरप्ट पहिल्या प्रोसेसरच्या रकान्यातच वाढताना दिसतात. बाकीचे प्रोसेसर मधे बंद झाले होते, म्हणून ते तिकडे गोळा झाले. इंटरप्ट वाटून देणारं ‘आयआरक्यूबॅलन्स’ चालू असेल तर हळूहळू पांगतात.

९ नंबरची, एसीपीआयची ओळ पळत असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये जावं लागतं: ‘/सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स’. लक्षण म्हणजे एक ‘केवर्कर’ (कर्नलची पडद्यामागची प्रोसेस) अख्खा प्रोसेसर खातो, तळहाताखालचा पत्रा कोमट होतो आणि यंत्र रिकामं असूनही पंखा थांबत नाही. तिथे ‘जीपीई’ने (एसीपीआयच्या एकेका घटनेचं नाव) सुरू होणाऱ्या फाइलींत कुठला आकडा हजारांनी वाढतोय ते बघून त्या फाइलीत ‘डिसेबल’, आणि त्याने भागलं नाही तर ‘मास्क’ लिहिलं की पंखा उतरतो. पण तो जीपीई कशाचा होता ते आधी बघावं. झाकण उघडल्या-मिटल्याची, चार्जर लावल्या-काढल्याची बातमी त्याच वाटेने येत असेल, तर तीही गेली.

कुठल्या टप्प्यावर मोडतं हे वीज न घालवता तपासायची सोय कर्नलमध्ये आहे, आणि ती वापरायला लोक का बिचकतात कळत नाही. ‘/सिस/पॉवर/पीएम_टेस्ट’मध्ये आधी ‘फ्रीझर’, मग ‘डिव्हायसेस’, ‘प्लॅटफॉर्म’, ‘प्रोसेसर्स’, ‘कोअर’ असं एकेक लिहून प्रत्येक वेळी ‘/सिस/पॉवर/स्टेट’मध्ये ‘डिस्क’ लिहायचं. त्या टप्प्यापर्यंत जाऊन कर्नल ५ सेकंद थांबतो आणि परत येतो. ‘डिव्हायसेस’लाच टचपॅड मेला तर दोष निखळ ड्रायव्हरचा, फर्मवेअरला शिव्या देऊ नयेत. सगळं पार पडलं तर ‘पीएम_टेस्ट’ परत ‘नन’ करून ‘/सिस/पॉवर/डिस्क’मध्ये ‘टेस्ट_रिझ्यूम’. यात प्रत खरोखर लिहिली जाते आणि वीज न जाता लगेच परत वाचली जाते. हेही जमलं आणि खरं हायबरनेट फसलं, तर उरतं फर्मवेअर आणि गेलेली वीज. मग त्याच फाइलीत ‘प्लॅटफॉर्म’ऐवजी ‘शटडाउन’ लिहून बघावं; एसीपीआयचा खास विधी न करता यंत्र साधं बंद होतं, आणि काही लॅपटॉपांना नेमकं तेच मानवतं.

यात विंडोजची एक गंमत मिसळते. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हणजे कर्नलपुरतं हायबरनेटच असतं. म्हणून बंद करून चालू केलेल्या यंत्रावर न जाणारा दोष रीस्टार्टने जातो, आणि फोनवरचा मदतनीस ‘शट डाउन नको, रीस्टार्ट करा’ म्हणतो ते उगाच नसतं. दोन्ही प्रणाली असलेल्या यंत्रावर लिनक्सची चाचणी करण्याआधी विंडोज शिफ्ट दाबून बंद करावं, नाहीतर विंडोजने उपकरणं कुठल्या अवस्थेत सोडली होती त्याचा हिशेब डोक्यावर राहतो.

राहिला तो उपाय, जो बहुतेक जण शेवटी करतात. ‘/यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-स्लीप’मध्ये एक छोटी स्क्रिप्ट: पहिला शब्द ‘पोस्ट’ आणि दुसरा ‘हायबरनेट’ आला की ‘आयटूसी_हिड_एसीपीआय’ किंवा ‘पीएसमाउस’ हा टचपॅडचा ड्रायव्हर काढायचा आणि पुन्हा चढवायचा. यूएसबी कंट्रोलर असेल तर त्याच्या पीसीआय पत्त्याने ‘अनबाइंड’ आणि ‘बाइंड’, म्हणजे ड्रायव्हरपासून सोडवून पुन्हा जोडणं. पण ज्या कंट्रोलरवर रूट डिस्क आहे त्याला चुकूनही नाही. पाच ओळी, दोन सेकंद, आणि टचपॅड चालू. याबद्दल मन एकसारखं राहत नाही. रोजच्या कामासाठी यापेक्षा शहाणपणाचं काही नाही. टचपॅडसाठी कर्नल वाचायला बसायला कोणाला वेळ आहे? पण ही स्क्रिप्ट यंत्रात राहून जाते. पुढच्या कर्नलमध्ये दोष दुरुस्त झाला तरी ती चालतच राहते, आणि एखाद्या दिवशी ती स्वतःच नव्या दोषाचं कारण होते. तिच्या पहिल्या ओळीत तारीख, कर्नलचा नंबर आणि लॉगमधलं मूळ वाक्य लिहून ठेवावं, आणि कर्नल बदलला की ती बाजूला काढून एकदा झोपवून बघावं.

दोष कळवायचा असेल तर आधीची आणि नंतरची इंटरप्टांची प्रत, ‘एलएसपीसीआय’च्या दोन प्रती, पूर्ण ‘डीमेसेज’, आणि स्लीप चालते का, ‘टेस्ट_रिझ्यूम’ चालतं का या दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी. कुठल्या कर्नलपर्यंत चालत होतं हे माहीत असेल तर ‘गिट बायसेक्ट’, म्हणजे मधले बदल निम्मे-निम्मे करत दोषाचा बदल शोधणं, करता येतं; लागोपाठच्या दोन आवृत्त्यांमध्ये साधारण चौदा पायऱ्या पडतात. प्रत्येक पायरीला यंत्र किमान पाच-सहा वेळा झोपवून उठवावं. इंटरप्ट हरवणं वेळेच्या सूक्ष्म फरकावर अवलंबून असतं, आणि एकदा नशिबाने चाललेल्या कर्नलला ‘गुड’ म्हटलं तर उरलेल्या सगळ्या पायऱ्या चुकीच्या दिशेने जातात.